राजीनामा ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहून मागतात तेव्हा

भुसावळच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते आवरून ते येथे देतो.

“मी ४३ वर्षांचा असून एका केबल आणि ब्रॉडबँड कंपनीत १७ वर्षे ८ महिने नोकरी केली आहे. वायरमन म्हणून लागलो, आज पदाचे नाव फील्ड सुपरवायझर आहे. पगार २६,००० रुपये, त्यात बेसिक ११,०००. गेल्या वर्षी आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि आता ‘पुनर्रचना’ चालू आहे. जळगावचे ऑफिस बंद होऊन सगळे काम नाशिकहून चालणार आहे. एच.आर.च्या मॅडमनी व्हिडिओ कॉलवर सांगितले की शुक्रवारपर्यंत राजीनामा मेल करा, एकूण १ लाख ८५ हजार रुपये मिळतील. दिला नाही तर राज्याबाहेर बदली होईल. राजीनामा दिल्यास रावेर तालुक्यातील दोन गावांची फ्रँचायझी देऊ म्हणतात. तीनशे कनेक्शन आहेत, जी.एस.टी. सोडून सरासरी बिल ४५० रुपये, त्यात माझा वाटा ३० टक्के आणि डिपॉझिट ३ लाख. हाताखालच्या चार मुलांना ठेकेदाराकडे नावे लावायला सांगितले आहे. बायको म्हणते, मिळताहेत ते पैसे घ्या. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांना अजून काही सांगितलेले नाही. माले काहीच सुचत नही.”

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. परंतु शुक्रवार तोंडावर आला असल्यामुळे राजीनाम्यापासून सुरुवात करतो. तो देऊ नका. नोकरी टिकेलच असे मी म्हणत नाही, बहुधा ती टिकणार नाही. मात्र नोकरी कंपनीने काढून घेतली की तुम्ही सोडली, या एका गोष्टीवर तुमच्या पदरात पडणारी रक्कम ठरते, आणि तुम्ही सोडली असे तुमच्याच हस्ताक्षरात मिळवणे हाच त्या व्हिडिओ कॉलचा खरा हेतू होता.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो याला कारण आहे. नोकरीची उमेदीची वर्षे मी एका कारखान्याच्या आस्थापना विभागात काढली. तेथे एकदा चौदा माणसे कमी करायची ठरले, तेव्हा चौदाही राजीनामे मीच टंकलिखित केले होते. ‘वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव मी स्वेच्छेने’ हे शब्द सगळ्यांवर सारखे, आणि ‘कौटुंबिक’ मधल्या ‘टुं’वरचा अनुस्वार चौदाही कागदांवर गळालेला. तेरा जणांनी मुकाट सह्या केल्या. चौदाव्याने सहीखाली तारीख घातली आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिले, ‘साहेबांनी सांगितले म्हणून’. त्या तीन शब्दांमुळे साहेबांनी तो कागद स्वीकारलाच नाही. पुढे महिनाभराने त्याला रीतसर कपातीची नोटीस देऊन हिशेब चुकता करावा लागला. बाकी तेरा जणांपैकी दोघे नंतर माझ्याकडे आले होते. मला त्यांना काही सांगता आले नाही, कारण कागद मीच तयार केला होता.

आता तुमच्या रकमेकडे वळू. पत्रासोबत पाठवलेल्या हिशेबाच्या फोटोत १ लाख ८५ हजारांची फोड आहे: ग्रॅच्युइटी १,१४,२३१ रुपये, शिल्लक रजेचे १८,७६९ आणि ‘सद्भावना रक्कम’ ५२,०००. पहिल्या दोन रकमा तुमच्याच आहेत. पाच वर्षांहून अधिक सेवा झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते आणि काढून टाकले तरी मिळते. रजेचे पैसेही तसेच. म्हणजे राजीनाम्याच्या बदल्यात कंपनी देऊ करते ते केवळ ५२,००० रुपये, अर्थात दोन महिन्यांचा पगार. अठरा वर्षांच्या सेवेला साठ दिवस. वर्षाला साडेतीन दिवससुद्धा पडत नाहीत. तुलनेसाठी सांगतो, बी.एस.एन.एल.ने २०१९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली, तेव्हा झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवस आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवस असा तिचा पाया होता, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी एका दिवसात ७८,५६९ माणसे बाहेर पडली. ती सरकारी योजना होती, तिच्यावर तुमचा हक्क पोहोचत नाही. तरीही वाटाघाटीला बसताना हा आकडा खिशात असू द्यावा.

तुमचा हक्क पोहोचतो तो कायद्याच्या किमान रकमेवर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, पण कपातीचे मूळ सूत्र दोन्हींत सारखेच आहे. एक वर्षाहून अधिक सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी वेतन द्यावे लागते, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर तेही पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची वर्षे अठरा. नव्या संहितेने यात पुनर्कौशल्य निधीची, म्हणजे नवे काम शिकण्यासाठीच्या पैशांची, भर घातली आहे. त्यातून १५ दिवसांचे वेतन कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाचे असते.

‘वेतन’ म्हणजे काय, याचीही व्याख्या आता बदलली आहे. भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असेल तर वरचा भाग वेतनातच धरायचा असतो. तुमचे बेसिक ११,००० आणि एकूण पगार २६,०००. त्यामुळे ग्रॅच्युइटी ११,००० वर नव्हे, किमान १३,००० वर काढली गेली पाहिजे. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचे दिवस २६ धरतात, म्हणून १३,००० ला २६ ने भागून १५ ने गुणले की ७,५०० येतात आणि अठरा वर्षांचे १,३५,००० होतात. कंपनीच्या आकड्यात वीस हजारांहून अधिक रक्कम येथेच कमी दिसते आहे. कपातीची भरपाई मी हात राखून, महिन्याला १३,००० च्याच हिशेबाने धरतो: १५ दिवसांचे ६,५०० आणि अठरा वर्षांचे १,१७,०००. नोटिशीचे निदान १३,००० आणि पुनर्कौशल्य निधीचे ६,५०० मिळवले, रजेचे पैसे आहेत तसे ठेवले, तर बेरीज २ लाख ९० हजारांच्या घरात जाते. शुक्रवारी मेल पाठवून तुम्ही सुमारे १ लाख ५ हजार रुपये सोडून देणार होता.

येथे कंपनीचा वकील एक अडचण उभी करील, ती आधीच पाहून ठेवा. हे सगळे ‘कामगारा’ला मिळते, आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. तुमच्या पदाच्या नावातच सुपरवायझर आहे, आणि वकील वेतन म्हणून तुमचे पूर्ण २६,००० धरील. मात्र न्यायालये पाटी पाहत नाहीत, तो माणूस दिवसभर मुख्यतः काय करतो ते पाहतात. तुम्हीच लिहिले आहे की अजून खांबावर चढता, तुटलेली फायबर जोडायचे स्प्लायसिंग मशीन तुमच्याच डिकीत असते आणि रात्री-अपरात्री फायबर तुटली तर तुम्हीच निघता. रजा मंजूर करणे, कोणाला कामावर घेणे-काढणे, पगारवाढ सुचवणे यांपैकी काहीही तुमच्या हाती नसेल तर तुम्ही कामगार आहात, असे म्हणायला भक्कम आधार आहे. तो आधार सध्या कंपनीच्या ॲपमध्ये पडून आहे. ॲप बंद होण्याआधी आज रात्रीच बसून गेल्या वर्षभरातील तुमच्या नावावरच्या तक्रारींच्या तिकिटांचे स्क्रीनशॉट काढा. जॉईंट बॉक्स उघडून तुम्ही ग्रुपवर टाकलेले फोटो, पहाटेच्या वेळेसकट, जपून ठेवा. वीस वर्षांपूर्वी यासाठी जॉबकार्डांची गठ्ठी पोत्यात भरून आणावी लागे.

बदलीच्या धमकीने अनेकांचे पाय लटपटतात. तुमच्या नेमणूकपत्रात बदलीची अट असेल, बहुतेकांच्या असतेच. तरीही तोंडी बदली ही बदली नव्हे. आदेश लेखी येऊ द्या. त्यात ठिकाण, पद, रुजू होण्याची तारीख आणि प्रवासखर्च काय आहे ते पाहा, आणि उत्तर नकाराने न देता प्रश्नाने द्या: जेथे पाठवता तेथे माझ्या पदाची जागा रिकामी आहे काय? तोवर रोज कामावर जा आणि हजेरी लावा. रागाने घरी बसलात तर ‘विनापरवानगी गैरहजर’ हा शिक्का कंपनीच्या हाती आयता मिळेल. त्याच प्रवर्गातील तुमच्यापेक्षा नवी माणसे ठेवून तुम्हाला काढत असतील तर तेही लिहून ठेवा, कारण सर्वात शेवटी आलेल्याला प्रथम कमी करायचे हा कपातीचा सर्वसाधारण नियम आहे आणि तो मोडायचा तर कंपनीला कारण नोंदवावे लागते.

दाद कोठे मागायची, हा प्रश्न तुमच्या धंद्यात थोडा वाकडा आहे. जळगावला सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, पण ते राज्य सरकारचे. आणि नव्या संहितेत दूरसंचार हा विषय केंद्र सरकारकडे आहे. केबल टीव्हीचा आणि इंटरनेटचा धंदा एकाच कंपनीत असला की प्रत्येक कार्यालय दुसरीकडे बोट दाखवू शकते. म्हणून जळगावला अर्ज द्या, पोच घ्या, ‘आमच्या कक्षेत येत नाही’ असे म्हणाले तर ते लेखी मागा, आणि तोच अर्ज केंद्रीय कामगार आयुक्तांच्या ‘समाधान’ या पोर्टलवरही टाका. तडजोड अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यापासून ४५ दिवसांत काही निष्पन्न झाले नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि त्यासाठी कामावरून काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती. जुना सल्ला देणाऱ्यांच्या भरवशावर राहू नका.

फ्रँचायझीबद्दल तुमच्या पत्रात जो उत्साह डोकावतो त्यावर पाणी ओतावे असे मला वाटत नाही. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसा. ४५० रुपयांचे ३० टक्के म्हणजे १३५, तीनशे कनेक्शनचे ४०,५००. रावेर पट्ट्यात दोन गावे सांभाळायला निदान दोन मुले लागतील. बारा-बारा हजारांनी २४,००० गेले. पेट्रोल सहा हजार धरा. वीज, बॅटऱ्या, ड्रॉप केबल, खांबांचे भाडे मिळून चार हजार. हातात उरतात ६,५००. आज घरी येतात तेवढे २६,००० सुटायचे असतील तर त्याच दोन मुलांवर सुमारे साडेचारशे कनेक्शन पाहिजेत, आणि तेही कोणी बिल थकवले नाही तर. केळीच्या घडांनी भरलेला ट्रक गल्लीतून जाताना ओव्हरहेड केबल कशी ओढून नेतो आणि मे-जूनच्या वादळात केळीबरोबर खांब कसे आडवे होतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहिले आहे. आजवर त्या दुरुस्तीचे बिल कंपनीच्या नावे निघत होते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनी हे काम अंगावेगळे का करते आहे, याचा विचार करा. तुम्ही २००८ च्या सुमारास लागलात तेव्हा तांब्याच्या कोॲक्सियल केबलवर ठरावीक अंतराने ॲम्प्लिफायर लागे, त्याला वीज लागे, तो उन्हाळ्यात तापून बंद पडे आणि तो बदलायला माणूस लागे. पुढे केबलचे डिजिटायझेशन झाले. शहरी भागांचा तिसरा टप्पा २०१५ अखेर ठरला होता आणि ग्रामीण भागाचा चौथा मार्च २०१७ अखेर. सेट-टॉप बॉक्स आले आणि ग्राहकाचे कनेक्शन चालू-बंद करायला शिडीची गरज उरली नाही. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्यांच्या नव्या दरपद्धतीने प्रत्येक वाहिनीचा दर ग्राहकासमोर आला. त्याआधीच सप्टेंबर २०१६ पासून जिओच्या स्वस्त डेटामुळे तरुण घरांतून केबल उतरू लागली होती. आता फायबरच्या एका पोर्टवरून, मध्ये कोठेही वीज न लागता, वीस किलोमीटरपर्यंतची ६४ घरे चालतात आणि अर्ध्या तक्रारी नाशिकला बसलेला मुलगा पडद्यावरून मिटवतो. शिल्लक राहते ते तुटलेली तार जोडण्याचे आणि वसुलीचे काम. त्यात नफा कमी आणि दगदग जास्त असते, म्हणूनच ते फ्रँचायझीच्या नावाने बाहेर काढले जात आहे. त्याच गावांत उद्या एअरफायबरचा, म्हणजे तारेविना इंटरनेट देणारा, डबा छतावर बसवणारा येईल, तेव्हा ग्राहक कोणाचा हा प्रश्न उभा राहील. करारात ग्राहक कंपनीचा असतो आणि डिपॉझिट तुमचे असते. ते किती दिवसांच्या नोटिशीने आणि कोणत्या कपातीनंतर परत मिळेल, वाट्याचा टक्का कंपनीला एकतर्फी बदलता येतो काय, आणि तुमच्या दोन गावांत ती दुसऱ्याला नेमू शकते काय, या तीन कलमांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत ग्रॅच्युइटीतला एक रुपयाही त्यात घालू नये. आणि फ्रँचायझी राजीनाम्याला बांधलेली आहे, तेवढ्यावरूनच मला तिचा वास बरा वाटत नाही.

तुमच्या हाताला मागणी आहे, ही गोष्ट या धावपळीत तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये गावोगावी फायबर नेणाऱ्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले आणि त्यात गावोगावच्या फायबरच्या दहा वर्षांच्या देखभालीचाही समावेश आहे. असली कामे घेणाऱ्या कंत्राटदारांना फायबर स्प्लाइस करून ओ.टी.डी.आर. या तपासणी यंत्रावर तुटीचे अंतर वाचणारा अनुभवी माणूस लागतो. कंपनी सोडताना अनुभवाच्या दाखल्यात ‘सुपरवायझर’ एवढेच न लिहिता हे काम शब्दांत लिहून घ्या. टेलिकॉम सेक्टर स्किल काउन्सिलचे आधीच्या अनुभवाला मान्यता देणारे प्रमाणपत्रही मिळते. कंत्राटदाराला निविदेत जोडायला ते उपयोगी पडते, म्हणून त्याची किंमत पगारात मागता येते.

पी.एफ.ला हात लावू नका. तुमची पेन्शनची सेवा दहा वर्षांच्या वर गेली असल्यामुळे ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क पक्का झाला आहे. नवी नोकरी लागली की तोच यू.ए.एन., म्हणजे पी.एफ.चा कायमचा क्रमांक, द्यायचा. मध्ये खंड पडला तर झालेल्या पेन्शन-सेवेची नोंद असलेले स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवायचे. कंपनीचा आरोग्य विमा मात्र बहुधा शेवटच्या दिवशी संपेल. वडिलांचे वय पाहता त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल काय, याची चौकशी नोकरीत असतानाच करा.

त्या चार मुलांना एवढेच सांगा की ठेकेदाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी, सेवा अखंड धरली जाईल, पगार व अटी आजच्यापेक्षा कमी होणार नाहीत आणि पुढे काढले तर जुन्या वर्षांची भरपाईही नवा मालक देईल, ही तीन वाक्ये त्यात असल्याची खात्री करून घ्यावी. नसतील तर त्यांचाही हिशेब आधी या कंपनीने केला पाहिजे.

वडिलांना आज जेवणानंतर सांगा. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस नोटीस, पोच आणि तारीख यांची किंमत जाणतो. नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या त्यांच्यापुढे ठेवून लावून घ्या, तुम्हाला मदतच होईल. पत्नी म्हणतात त्यात चूक नाही, पैसे हातात पडलेलेच बरे. त्यांना वरची बेरीज दाखवा. नव्या वेतन संहितेनुसार कपात असो वा राजीनामा, थकलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत आणि सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यावी लागते, हेही त्यांच्या कानावर घाला.

शुक्रवारी राजीनाम्याऐवजी जो मेल जायचा तो असा असावा:

“अमुक तारखेच्या व्हिडिओ कॉलवर मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही व मी कामावर हजर आहे. माझे पद पुनर्रचनेत कमी होत असल्यास तशी कारणांसह लेखी नोटीस, कपातीची भरपाई, ग्रॅच्युइटी व इतर देय रकमांचा तपशीलवार हिशेब मला द्यावा. बदली करावयाची असल्यास लेखी आदेश द्यावा.”

खाली नाव, कर्मचारी क्रमांक, तारीख. बाकी रागाचे, उपकाराचे, अठरा वर्षांच्या घामाचे एकही वाक्य त्यात नको. मेल सकाळी ऑफिस उघडताना पाठवा, त्याची प्रत स्वतःच्या खाजगी ईमेलवर घ्या, आणि छापील प्रत सही करून कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने टाका. पावतीचा फोटो मात्र तेथेच, काउंटरवर उभे असतानाच काढा. त्या गुळगुळीत कागदावरची शाई आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन महिनेही टिकत नाही.